भीतीमुळे काय कळायचं राहून गेलं: एक प्रकरण अभ्यास

या नोंदीतल्या व्यक्तीला आपण ‘क’ म्हणू. त्यांच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. मी करिअर समुपदेशक म्हणून काम करते, आणि क माझ्याकडे आल्या त्या ‘भीती घालवायला’ आल्या नव्हत्या. त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: नोकरी सोडू का?

पार्श्वभूमी

क तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. विमा कंपनीच्या दावे विभागात दहा-बारा वर्षं नोकरी झालेली. दावा आला की अर्ज, जबाब, बिलं, तपासणीचे अहवाल वाचायचे, घटनाक्रम एकमेकांशी जुळतो का ते पाहायचं आणि निर्णयाचं पत्र लिहायचं, असं कामाचं स्वरूप. विभागातली गुंतागुंतीची प्रकरणं फिरून फिरून त्यांच्याच टेबलावर येत. या कामाबद्दल त्यांचं स्वतःचं मत एवढंच: “पोटापाण्याचं आहे. जमतं.”

आपलं खरं काम कथा लिहिणं आहे असं त्या मानत. लॅपटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये चाळीसेक कथा होत्या, बहुतेक अर्ध्यावर सोडलेल्या. असा फोल्डर आहे एवढं नवऱ्याला माहीत होतं, त्यात काय आहे ते नाही.

लहानपणी कुणीतरी हसलं, वही फाडली, असं काही मला ऐकायला मिळेल अशी माझी अटकळ होती. घडलं होतं उलटंच. अकराव्या वर्षी शाळेच्या कथास्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. शिक्षक म्हणाले, ही जन्मजात लेखिका आहे. घरचेही तेच म्हणू लागले, पाहुण्यांना सांगू लागले. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी सकाळी पोट दुखायला लागलं म्हणून त्या शाळेत गेल्या नाहीत. त्यानंतर कुठल्याही स्पर्धेत त्यांनी नाव दिलं नाही.

“पहिल्या कथेत चांगलं काय होतं ते मला कुणी सांगितलंच नाही,” त्या म्हणाल्या. “मग तसं पुन्हा कसं करायचं ते मला कुठून कळणार?”

कौतुकातून भीती तयार होते हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मानसशास्त्राला ते नवं नाही. 1978 साली स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना जवळजवळ न सुटणारी कोडी दिली आणि ‘तुम्ही उत्तम सोडवलीत’ असं सांगितलं. पुढच्या चाचणीआधी त्यांना दोन औषधांपैकी एक निवडायचं होतं: एकाने कामगिरी सुधारते, दुसऱ्याने ती बिघडते असं सांगितलेलं. यश कशामुळे मिळालं हे ज्यांना कळलं नव्हतं, त्यांचा कल बिघडवणाऱ्या औषधाकडे अधिक दिसला. अपयश आलं तर दोष औषधावर टाकता यावा, ही त्यामागची सोय. त्या प्रयोगात हा कल पुरुषांमध्ये जास्त ठळक होता, त्यामुळे तो क यांना जसाच्या तसा लावणं बरोबर नाही. पण कथा मुद्दाम अर्ध्यावर सोडायची, लिहायला बसायचं ते दिवसभराच्या कामाने मेंदू शिणल्यावर, ही त्यांची पद्धत त्याच जातीची होती. अर्धवट कथेला कुणी वाईट म्हणू शकत नाही.

अडचण

निमित्त झालं बढतीचं. विभागप्रमुखाची जागा त्यांना देऊ केली होती आणि महिनाभरात उत्तर द्यायचं होतं. ती जागा घेतली तर संध्याकाळी उरणारा वेळही जाणार होता. त्यामुळे त्या एकदम दुसऱ्या टोकाला पोचल्या होत्या: राजीनामा द्यावा आणि पूर्ण वेळ लिहावं.

बोलता बोलता लक्षात आलं की दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. नोकरी सोडावी का, हा एक. आपल्यात खरोखर काही आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याला हात घालण्यात अर्थ नव्हता. आणि दुसऱ्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, कारण अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत त्यांनी कुणाला काही दाखवलंच नव्हतं. न तपासलेली गुणवत्ता शाबूत राहते. तिच्यावर ओरखडा येत नाही, पण ती नेमकी कसली आहे हेही समजत नाही. माझ्या मते या प्रकरणातलं खरं नुकसान तिथे होतं. भीतीने त्यांना लिहिण्यापासून अडवलं नव्हतंच, त्या लिहीत होत्या. अडवलं होतं ते माहिती मिळण्यापासून.

झोप, भूक, अचानक धडधड होणं, सतत उदास वाटणं यांची चौकशी सुरुवातीलाच केली. त्यातलं काही तीव्र असतं तर हे काम माझं नसून चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं होतं. तसं काही निघालं नाही.

समोरचे पर्याय

राजीनामा देऊन लिहिणं हा क यांचा आवडता पर्याय होता. धाडसाचा वाटतो. मला त्यात एक लपलेली पळवाट दिसत होती. आधी सगळं पणाला लावायचं, मग त्या ओझ्याखाली पहिली कथा जमली नाही तर ‘एवढ्या दडपणात कुणाला जमेल’ असं म्हणायला वाव ठेवायचा. शिवाय नोकरी सांभाळून सुरुवात करण्याच्या बाजूने थोडा पुरावाही आहे. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांच्या 2014 च्या अभ्यासात, नोकरी न सोडता व्यवसाय सुरू करून नंतर त्यात पूर्ण वेळ उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता थेट उडी घेणाऱ्यांपेक्षा 33 टक्के कमी आढळली. व्यवसाय आणि कथालेखन एकच नव्हे, तरी विचार करायला हा आकडा पुरेसा होता.

बढती घेऊन लेखनाचा नाद सोडणं हा दुसरा पर्याय. घरातल्यांचा कल इकडे होता आणि त्यात चूक काहीच नव्हती. पगार वाढला असता. क यांनी हा पर्याय खोडला तो एका वाक्यात: “मग तो फोल्डर मला मरेपर्यंत टोचत राहील.”

आधी भीती पूर्ण घालवायची, मग लेखन दाखवायचं, असा तिसरा पर्याय त्यांनीच मांडला. तो सगळ्यात समंजस वाटतो आणि सगळ्यात जास्त वर्षं खातो. भीती जाण्याची वाट पाहणं हीच भीतीची सगळ्यात टिकाऊ युक्ती असते.

उरला चौथा. नोकरी आहे तशी ठेवायची, बढतीला सध्या नकार द्यायचा आणि लेखन थोडं थोडं करून लोकांसमोर ठेवायचं. हेतू एकच, माहिती गोळा करणं. हाच ठरला. बढती नाकारणं फुकट नव्हतं. वरिष्ठ नाराज झाले, आणि ती जागा क यांच्यापेक्षा नव्या सहकाऱ्याला मिळाली.

काय केलं

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी 1950 च्या दशकात भीतीवर काम करण्याची एक पद्धत बसवली. भीतीदायक प्रसंगांची कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत चढती यादी करायची आणि खालून सुरुवात करायची. प्रत्येक प्रसंगाला 0 ते 100 पर्यंत अंक द्यायचा, हेही वोल्पे यांचंच. त्यांच्या मूळ पद्धतीत शरीर सैल सोडण्याचा सराव सोबत असे. आम्ही तो भाग घेतला नाही, यादी घेतली.

यादी करताना एक गोष्ट अनपेक्षित निघाली. अनोळखी माणसांसमोर कथा वाचणं: 45. स्वतःच्या नावाने मासिकाला कथा पाठवणं: 60. नवऱ्याला कथा वाचायला देणं: 85. आपण सहसा गृहीत धरतो की घरच्यांपासून सुरुवात करणं सोपं. क यांच्यासाठी ते जवळजवळ शेवटचं टोक होतं, कारण परक्याचं मत विसरता येतं, रोज समोर असणाऱ्याचं नाही. मग सुरुवात परक्यांपासून केली. व्हिडिओ कॉलवर दर आठवड्याला भेटणारा, आपापलं लेखन वाचून दाखवणारा एक छोटा गट त्यांनी शोधला.

प्रत्येक वाचनाआधी एका चिठ्ठीवर अंदाज लिहायचा होता: काय घडेल? ‘वाईट वाटेल’ असा अंदाज चालणार नव्हता, कारण तो खोटा ठरूच शकत नाही. बाहेरून तपासता येईल असं काहीतरी हवं होतं. त्यांनी लिहिलं, “सगळे गप्प बसतील आणि विषय बदलतील.” अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली तफावत जितकी स्पष्ट, तितकं शिकणं पक्कं होतं, यावर भीतीवरच्या अलीकडच्या उपचारपद्धतींचा भर आहे. नुसतं धीराने बसून राहण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, असं त्या मांडणाऱ्यांचं म्हणणं आहे.

दुसरी अट जास्त जाचक होती. वाचनाआधी प्रस्तावना करायची नाही. “घाईत लिहिलंय”, “अजून कच्चं आहे”, “तुम्हाला कंटाळा येईल”, यातलं एकही वाक्य नको. अशी वाक्यं ढालीसारखी वापरली की प्रसंग निभावतो, पण श्रेय ढालीला जातं. माणूस शिकतो एवढंच, की पुढच्या वेळीही ढाल न्यायला हवी.

पहिल्या वाचनाला आवाज कापला. कुणी विषय बदलला नाही. दोघांनी एका पात्राबद्दल प्रश्न विचारले, एकाने शेवट उरकल्यासारखा वाटतो म्हणून सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या वाचनापर्यंत 45 चा अंक विशीत आला. इथवर सगळं पुस्तकात असतं तसं चाललं होतं.

मग ‘ठीक आहे’ आलं

काही महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. क यांच्या कथा वाईट नव्हत्या. त्या उत्तमही नव्हत्या. गटातल्यांची प्रतिक्रिया बहुतेक वेळा “छान आहे, ठीक आहे” एवढीच असे. दोन मासिकांकडून नकार आला, एका छोट्या नियतकालिकाने एक कथा छापली. त्या छापलेल्या कथेवरही कुणी पत्र लिहिलं नाही की फोन केला नाही.

या टप्प्याची तयारी कुणाचीच नसते. अपमानाची भीती घेऊन माणूस जातो, मनाच्या तळाशी मोठ्या यशाची आशा असते, आणि पदरात पडतं ते या दोन्हींच्या मधलं काहीतरी. क म्हणाल्या, “हसले असते तर परवडलं असतं. निदान त्यांना कळत नाही असं म्हणता आलं असतं.” त्यांना गट सोडायचा होता.

हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक वळणबिंदू होता. दोन गोष्टी बोलायच्या होत्या. एक, काही महिने उघडपणे केलेल्या कामावरून आयुष्यभराचा निवाडा करता येत नाही. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही अभिप्राय मिळाला नव्हता, म्हणजे कौशल्याच्या हिशोबात त्या नवशिक्याच होत्या. दुसरी गोष्ट त्यांच्या बोलण्यात दोनदा येऊन गेली होती, त्यांनीच ती झटकून टाकली होती. गटातले लोक त्यांना आपापले खर्डे वेगळे पाठवू लागले होते. गटात वाचण्याआधी. कुणी सांगितलेलं नसताना.

“ते काय, सहज करते मी. कथा कुठे बसली ते दिसतं, तेवढं सांगते. ते तर कुणालाही दिसतं.”

‘कुणालाही दिसतं’ हे वाक्य मी आता कुठेही ऐकलं की थांबते. माणसाला जे सहज येतं ते त्याला कामच वाटत नाही. जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांचा 1999 चा अभ्यास लोकांना माहीत असतो तो एका निष्कर्षासाठी: कमी येणारे स्वतःला जास्त समजतात. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. सर्वांत चांगली कामगिरी करणारे इतरांच्या तुलनेत आपलं स्थान कमी लेखत होते, कारण आपल्याला सोपं गेलं ते इतरांनाही गेलं असेल असं ते धरून चालत. इतरांनी सोडवलेले पेपर त्यांच्या हातात दिल्यावर त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज सुधारला.

आम्ही तेच केलं. गटाच्या समन्वयकाला विनंती केली. दोन खर्ड्यांवर पाच जणांनी लेखी अभिप्राय द्यायचे, नावं काढून टाकायची, आणि कुठल्या सूचनेमुळे खर्डा प्रत्यक्षात बदलला तेवढं लेखकांनी खूण करून सांगायचं. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे. पण ‘छान वाटलं’ यापेक्षा ‘बदल केला’ हा निकष कडक आहे. दोन्ही लेखकांच्या बहुतेक खुणा क यांच्या सूचनांवर होत्या. त्यापेक्षाही जास्त परिणाम झाला तो बाकीच्या चौघांचे अभिप्राय वाचून. “त्यांना दिसलंच नाही?” त्यांनी मला विचारलं. कथेतल्या एका बाईला पत्र मिळण्याआधीच त्यातला मजकूर माहीत असतो, ही चूक चौघांच्याही नजरेतून सुटली होती.

ही नजर कुठून आली ते उघड होतं. दहा-बारा वर्षं त्या लोकांनी सांगितलेल्या हकिगती वाचत होत्या: कोण कुठे होतं, आधी काय झालं, असायला हवा तो कागद कुठला नाही. ज्याला त्या पोटापाण्याचं म्हणत होत्या, त्या कामाने त्यांच्या गुणाला रोज धार लावली होती. खेरीज, नकाराची पत्रं लिहून लिहून कटू गोष्ट माणूस न दुखावता कशी सांगायची हेही त्यांच्या हातात बसलं होतं. त्यांच्या सूचना वाचून लेखक खट्टू होत नसत, लगेच लिहायला बसत.

शोध लागला, आनंद झाला नाही

आपला नैसर्गिक कल सापडला की माणूस हरखून जातो अशी एक समजूत आहे. क आठवडाभर बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “म्हणजे मी लेखिका नाही. लेखकांची मदतनीस आहे.” अकराव्या वर्षापासून सांभाळलेली ओळख हातातून निसटत होती, आणि तिच्या जागी जे मिळत होतं त्याला त्यांच्या लेखी प्रतिष्ठा नव्हती. संपादन हा स्वतंत्र कसब असलेला व्यवसाय आहे, हे पटवायच्या भरीस मी पडले नाही. एवढंच ठरवलं की दोन्ही चालू ठेवायचं आणि सहा महिन्यांनी पाहायचं की कुठलं काम संपल्यावर त्या थकलेल्या असतात आणि कुठलं काम करताना वेळेचं भान राहत नाही.

तेवढ्यात भीती नवा वेष घेऊन आली. खर्डे तपासणं त्या फुकट करत होत्या आणि पैसे मागायची वेळ आली की अडखळत होत्या. जुनीच युक्ती: फुकट कामाला कुणी वाईट म्हणत नाही. पुन्हा यादी, पुन्हा अंक, पुन्हा चिठ्ठ्या. “पैसे सांगितले की उत्तरच येणार नाही,” हा अंदाज तीन अनोळखी लेखकांपैकी एकाच्या बाबतीत खरा ठरला. दोघांनी होकार दिला, त्यातल्या एकाने तर पैसे आधीच पाठवले. एक अंदाज खरा ठरला हे बरंच झालं. सगळेच खोटे ठरले असते तर पहिल्या नकाराला सगळी इमारत कोसळली असती.

निकाल

साधारण दोन वर्षांनंतरची स्थिती अशी. क त्याच कंपनीत आहेत, पण अर्ज करून कामाचे दिवस कमी करून घेतले आहेत. उरलेल्या वेळात कथा-कादंबऱ्यांचं संपादन करतात. नियमित काम देणारे काही लेखक आहेत, एका लहान प्रकाशनसंस्थेकडूनही हस्तलिखितं येतात. मिळकत कमी केलेल्या पगाराची भरपाई करते, बढतीच्या पगाराची करत नाही. विभागप्रमुख झालेल्या सहकाऱ्याच्या हाताखाली काम करणं क यांना अजून खटकतं, आणि त्या तसं स्पष्ट सांगतात.

नव्या लेखकाला पहिला अहवाल पाठवताना अजूनही हात थरथरतो. तो अंक त्यांनी शेवटी दिला तो 40 होता. शून्य व्हावा असा आमचा प्रयत्नही नव्हता. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 च्या प्रयोगांत, कामगिरीआधी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असं म्हणणाऱ्यांनी गाणं, भाषण आणि गणित तिन्हींत सरस कामगिरी केली. क हे वाक्य म्हणत नाहीत, त्यांना ते नाटकी वाटतं. त्या थरथरत्या हातानेच पाठवण्याचं बटण दाबतात.

नवऱ्याला कथा दिली ती सगळ्यात शेवटी. त्यांनी वाचली, आवडली म्हणाले आणि एका वाक्यावर आक्षेप घेतला. आक्षेप चुकीचा होता असं क यांचं आजही मत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बढतीला नकार देण्याऐवजी मुदत वाढवून मागता आली असती का, हा पहिला मुद्दा. महिन्याची मुदत ताणून तीन महिने मिळाले असते तर निर्णयाच्या वेळी हातात निदान ‘ठीक आहे’ एवढी तरी माहिती असती. कंपनी कितपत मानली असती सांगता येत नाही, पण विचारलंच गेलं नाही.

दुसरं, ‘लोक तुमच्याकडे काय मागायला येतात’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्याजोगा होता. क यांनी आपल्या गुणाचं नाव आधीच ठरवून आणलं होतं, लेखन, आणि पुढची सगळी मांडणी त्या नावाभोवती झाली. अर्थात तेव्हा विचारलं असतं तर उत्तर ‘दावे तपासून घ्यायला’ असं आलं असतं, आणि त्यातून संपादनापर्यंतचा पूल त्या वेळी दोघींनाही दिसला असता याची खात्री मला नाही. कथा लोकांपुढे ठेवण्याचा खटाटोप केला म्हणूनच त्या लिहिणाऱ्यांच्या गटात पोचल्या आणि दुसऱ्यांचे खर्डे त्यांच्यापुढे आले.

तिसरा मुद्दा अजून सुटलेला नाही. संपादन सुरू झाल्यापासून क यांचं स्वतःचं लेखन रोडावलं आहे. एक शक्यता अशी की खरा कल सापडल्यावर जुनी हौस आपोआप मागे पडली. दुसरी अशी की दुसऱ्यांच्या कथांमागे लपायला त्यांना नवी, प्रतिष्ठित जागा मिळाली. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. यासाठी एक अट घालून घेतली आहे: दर तीन महिन्यांनी स्वतःची एक पूर्ण झालेली कथा गटात वाचायची, चांगली असो वा नसो. गेल्या खेपेला त्यांनी ती चुकवली. कारण सांगितलं, एका लेखकाची कादंबरी तातडीने द्यायची होती. कादंबरी खरंच तातडीची होती. पुढची तारीख ठरली आहे, आणि कथेचे पहिले दोन प्रसंग लिहून झाले आहेत असं त्या सांगतात.